उघड्या डोक्याचा सॅल्यूट

गिरणीत दळण टाकून उभं राहिलं की गावाचं मत कळतं. आमच्या नाटकाबद्दलचं पहिलं मत मी आणि आत्यानं तिथंच ऐकलं. गणपतीतलं नाटक होऊन काही दिवस झाले होते, तरी पुढच्या दोन बायका अजून हसत होत्या.

‘‘त्यो बाप कणगीत लपतो तवा माज्या डोळ्यांतनं पानी आलं बाई,’’ एक म्हणाली.

‘‘लिवलंय कुनी म्हनं?’’

‘‘पुन्याच्या कुनीतरी. हितल्या मान्साला जमतंय व्हय असलं?’’

आत्यानं पिठाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. नाटक तिनंच लिहिलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रहिमतपुरात प्राथमिक शाळेत शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. वडील फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारे. घरात आई, आत्या आणि मी. एकाहत्तरच्या लढाईनंतरची ती वर्षं. गावात हेर, वायरलेस आणि ब्लॅकआउट या विषयांवर कुणीही कितीही वेळ बोलू शकत असे. आत्यानं त्यातूनच ‘गुप्त गाठोडं’ लिहिलं. एक साधं कुटुंब. बाप भांडी विकतो, आई पापड लाटते. दोघंही सरकारचे गुप्तहेर आहेत, पण एकमेकांना ते ठाऊक नाही. मुलांना मात्र दोघांचंही ठाऊक आहे. गावात परका हेर बांगड्या विकायला येतो आणि हे चौघे त्याला पापडाच्या वाळवणात पकडतात. एवढंच नाटक, पण मांडवात लोक लोळले.

नाटकाच्या दिवशी माइकवर नावं वाचली गेली. पडदेवाल्याचं, पेटीवाल्याचं, सतरंज्या देणाऱ्याचंसुद्धा. लेखकाच्या जागी गणेश मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘आपल्या मंडळाचं नाटक.’’ अध्यक्षांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण बाईनं लिहिलेलं नाटक म्हटलं की लोक आधीच जांभया देतील असं त्यांना मनापासून वाटायचं. पुण्याच्या कुणीतरी लिहिलंय ही अफवा त्यांनी उठवली नाही, पण मोडलीही नाही.

आत्याला पैसे नको होते, हार नको होता. तिला तिचं नाव हवं होतं, आडनावासकट, माइकवरून. त्यासाठीच तिनं पुढच्या वर्षी दुसरा भाग लिहिला.

‘गाठोडं पुन्हा’ची वही घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो. आत्यानं वही गल्ल्यावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही.

‘‘या वेळी नाव घ्यायचं,’’ ती म्हणाली.

अध्यक्षांनी गिऱ्हाइकासमोरचं पातळ घडी करत विचार केला. ‘‘असं करू बाई. पडदा पडल्यावर जाहीर करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी माइक घेतलाच म्हणून समजा. आणि न्हाई वाजवल्या, तर कशाला उगा तुमच्या नावाचा बोभाटा?’’

‘‘वाजवतील,’’ आत्या म्हणाली, आणि तिनं हात काढला.

घरी येताना मात्र तिनं मला वाटेत दोनदा विचारलं, ‘‘वाजवतील ना गं?’’

दुसऱ्या भागाची अडचण अशी की सगळ्यांना पहिला भाग आठवत असतो. त्यात मुलं लहान आणि गोड होती; मुलगी मीच झाले होते. मधल्या काळात मी दहावीत गेले होते, आणि माझ्या भावाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला होता. त्याचं एक वाक्य ढोलातून यायचं आणि दुसरं पिपाणीतून. आत्यानं त्याचाच उपयोग केला. दुसऱ्या भागात आईबापांनी हेरगिरी सोडलेली आहे. बाप खरोखरच भांडी विकतो आणि कंटाळतो. तुरुंगातून सुटलेला तोच हेर आता निवृत्त सुभेदाराचं सोंग घेऊन घरी पाहुणा येतो. आईबाप त्याच्या गप्पांना भुलतात, आणि वयात आलेली, उर्मट, कुणाचं न ऐकणारी ही दोन मुलं त्याला ओळखतात.

ओळखतात कशावरून? तर सॅल्यूटवरून. वडील सुट्टीवर आले असताना एकदा जेवताना सहज बोलून गेले होते: डोक्यावर टोपी नसेल तर आम्ही सॅल्यूट करत नाही, नुसते सावधान उभे राहतो. आत्यानं ते लक्षात ठेवलं. पहिल्या अंकात सोंगाडी सुभेदार उघड्या डोक्यानं कडक सॅल्यूट ठोकतो. कुणी काही बोलत नाही. तिसऱ्या अंकात मुलगी तेच त्याच्या तोंडावर मारते. सगळं नाटक त्या एका सॅल्यूटवर उभं होतं.

सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. यादी केल्याशिवाय मला तेव्हाही सुचायचं नाही, आताही सुचत नाही. आजसुद्धा माझ्या ओट्यावरच्या भिंतीला यादी टाचलेली असते. टॉर्च, तांब्या, दोन गाठोडी, चिकटवायची मिशी, पत्र्याचे बिल्ले. टोपी एकही नको, हे मी वेगळं लिहून खाली रेघ मारली होती. तालमीला कुणी टोपी घालून आलं तर बाहेर खुंटीला अडकवायला लावायची. सोंगाड्याचं काम दवाखान्यातला कंपाउंडर करणार होता. गरीब माणूस, पण मिशी लावली की भारदस्त दिसायचा.

मी सगळ्याची तयारी केली होती. एका गोष्टीची मात्र कुणीच केली नव्हती. आमच्या गावात घराआड फौजेतला एक पेन्शनर होता, आणि मांडवातली पहिली रांग त्यांचीच असायची.

नाटक दिवे लागल्या लागल्या सुरू झालं. साताऱ्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर आला होता. अध्यक्षांनी त्याला शेजारी बसवून भजी दिली होती. पहिला प्रवेश चांगला गेला. मग कंपाउंडर आला, मधोमध उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि उघड्या डोक्यानं सॅल्यूट केला.

‘‘आरं आरं आरं!’’

पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर एक म्हातारे सुभेदार बसत. खरे, निवृत्त, आमच्याच आळीतले. कार्यक्रम कुठलाही असो, ते पलटणीतली जुनी टोपी घालूनच यायचे. ते उभे राहिले.

‘‘उघड्या डोक्यानं सॅल्यूट कुटं असतुया व्हय? टोपी घाल की रं!’’

कंपाउंडर हात कपाळालाच ठेवून थांबला. नाटकात पुढे बापाचं वाक्य होतं; बाप ते विसरला.

‘‘बरूबर हाय सुभेदारांचं,’’ दुसरा पेन्शनर म्हणाला. ‘‘टोपी न्हाई तर सॅल्यूट न्हाई.’’

‘‘आनि अंगठा बग कसा धरलाय. इंजेक्शन देतुयास काय?’’

मांडव हसला. विंगेत आत्या वहीनं हवेत खुणा करत होती, चालू द्या, चालू द्या. कंपाउंडरनं विंगेकडे पाहिलंच नाही. रोज दवाखान्यात ज्या माणसांसमोर तो मान खाली घालून उभा राहायचा, ती सगळी समोर बसली होती. सुभेदार रंगमंचाच्या कडेपर्यंत आले, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि वर केली.

‘‘ही घे. आनि आता कर नीट.’’

कंपाउंडरनं वाकून टोपी घेतली, घातली, आणि नीट केला. खरोखर नीट केला. सबंध मांडवानं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी तीच.

टोपी त्यानं नंतर काढली नाही. मध्यंतरात आत्यानं त्याला पडद्यामागे गाठलं. ‘‘अहो, टोपी काढा. पुन्हा एकदा उघड्या डोक्यानं करा, कसंही करून.’’

‘‘बाई, ते परत उठतील,’’ तो म्हणाला. त्याची मिशी घामानं सुटत होती. ‘‘मला उद्या त्यांना ड्रेसिंग करायचंय.’’

मी उभ्या उभ्या दुसरा पुरावा शोधत होते. मिशी? बूट? बोलण्यातला हेल? मिशी ओढावी असं मी आत्याला सुचवलं. ‘‘नको,’’ ती म्हणाली, ‘‘पहिल्या भागात दाढी ओढलीय. तेच परत नको.’’ त्या घाईतही तिला तेवढं सुचलं. सॅल्यूटचंच वाक्य म्हण, असं तिनं मला सांगितलं. लोकांना पहिला सॅल्यूट आठवत असेल.

तिसऱ्या अंकात भाऊ ढोलाच्या आवाजात म्हणाला, ‘‘ताई,’’ आणि पिपाणीच्या आवाजात, ‘‘पुरावा काय?’’

मी कंपाउंडरकडे बोट केलं. ‘‘तुम्ही उघड्या डोक्यानं सॅल्यूट केलात. खरा फौजी तसं कधीच करत नाही!’’

मांडवातल्या माना कंपाउंडरकडे वळल्या. मग मागून आवाज आला, ‘‘आगं, टोपी तर हाय की डोस्क्यावर!’’

‘‘सुभेदारांनी दिल्याली!’’

कंपाउंडरनं टोपीला हात लावून खात्री केली, आणि पाठ केल्याप्रमाणे गुडघे टेकले. ‘‘होय! मी हेर आहे!’’

‘‘का म्हून?’’ सुभेदार पुन्हा उभे. ‘‘चांगला तर केलाय त्येनं सॅल्यूट!’’

नको तिथं एवढं हसू मी पुढे कधी ऐकलं नाही. पडदा पडला. अध्यक्ष माइकपाशी गेले. आत्या विंगेच्या अगदी कडेला आली होती, पदर सारखा करत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. ‘‘मंडळ सर्वांचं आभारी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आरतीला थांबावं.’’

मी सामान गोळा करत होते. पलीकडे वार्ताहरानं विचारलं, ‘‘हे लिहिलंय कुणी?’’

अध्यक्षांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. ‘‘आमच्या शाळेतल्या बाई आहेत. त्यांनीच लिहिलंय.’’ आणि आत्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. ‘‘मंडळाचा काय संबंध न्हाई.’’

घरी जाताना मी ते आत्याला सांगितलं. ती रस्त्यात थांबली. ‘‘आडनावसुद्धा?’’

साप्ताहिक गुरुवारी यायचं. तोपर्यंतचे दिवस आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. आत्याला तो अंक हवा होता आणि नकोही होता. ती कणीक मळायला घ्यायची आणि अर्ध्यात उठून दारात जायची. वह्या तपासायला बसायची आणि लाल पेन्सिल हातात धरून भिंतीकडे बघायची. आई म्हणाली, ‘‘अगं, एका जागी बस तरी.’’ आत्या बसली, आणि बसल्या बसल्या पाय हलवू लागली. मला वाटायचं, वार्ताहरानं चांगलं लिहावं. मग वाटायचं, चांगलं लिहिलं तर अध्यक्ष म्हणतील मंडळाचंच नाटक.

त्यातच पेन्शनर मंडळी घरी येऊ लागली. राग धरून नाही, मदत म्हणून. एकानं अंगणात सॅल्यूट करून दाखवला, तळवा कसा, कोपर कुठं. शेवटी सुभेदार स्वतः आले, बोडक्यानं. टोपी अजून माझ्या सामानाच्या पेटीत होती.

‘‘आवं बाई,’’ ते पायरीवर टेकत म्हणाले, ‘‘यवढी शिकल्याली मानसं तुमी. भाऊ फौजंत. घरात इचारायचं तरी.’’

‘‘त्यालाच विचारून लिहिलंय,’’ आत्या म्हणाली, आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. पहिला अंक, तिसरा अंक.

सुभेदारांनी दोन्ही अंक बोटांवर मोजले. ‘‘म्हंजी त्यो खोटा हुता म्हून तसा करत हुता?’’

‘‘होय.’’

‘‘मग आदी सांगायचं की!’’

‘‘आधी सांगितलं तर तो हेर कसला?’’

 सुभेदारांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘माजी टोपी द्या मग,’’ म्हणाले, आणि ती घालून निघून गेले.

गुरुवारी गाडी उशिरा आली. आम्ही शाळेच्या आधीच स्टँडवर होतो. गठ्ठा उतरवून घेणारा पानपट्टीवाला नेहमी आधी स्वतः वाचायचा. त्या दिवशी त्यानं पान उघडलं, आत्याकडे पाहिलं आणि अंक तसाच पुढे केला.

परीक्षण तिसऱ्या पानावर होतं, खताच्या जाहिरातीखाली. पहिल्या भागाची गंमत दुसऱ्यात राहिलेली नाही, असं सुरुवातीलाच होतं. गेल्या वेळची गोड मुलं आता थोराड झाली आहेत. कन्येचं काम करणारी मुलगी वाक्य टाकायला फार घाई करते. (हे खरं होतं.) आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे, मुलांना हेर कशावरून ओळखू आला याचा उलगडा लेखिकेनं केलेलाच नाही. त्यापुढे लेखिकेचं नाव. संपूर्ण नाव. ठळक टाइपात.

आत्यानं ते उभ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचे कान लाल झाले होते. ‘‘उलगडा केलेला नाही!’’ ती म्हणाली. ‘‘उलगडा डोक्यावर टोपी घालून बसला होता, याला भज्यांतून दिसला नाही.’’ मग पानपट्टीवाल्याकडे वळून म्हणाली, ‘‘आणखी दोन द्या.’’

मला तेव्हा ते कळेना. गावभर नाचक्की करणारा अंक घरात तीन-तीन कशाला? ती मात्र शाळेपर्यंत तो उलगडत आणि घडी घालत चालली. रागानं बोलायची, मग त्या ठळक अक्षरांवर अंगठा फिरवायची. शाळेच्या फाटकाशी ती मला म्हणाली, ‘‘गिरणीतल्या बायकांना आता पुण्याचं कुणी आठवणार नाही.’’

संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. चेहरा सुतक्यासारखा. नवरात्रात तासगावच्या मंडळाला नाटक न्यायचं आधीच ठरलं होतं. ‘‘त्यांना पहिलाच भाग दाखवू,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्याचं नावच काढायला नको. लोकं विसरून जातील बाई. तुमी मनावर घेऊ नका.’’

‘‘दुसराच न्यायचा,’’ आत्या म्हणाली. ‘‘पहिला तासगावकरांनी इथं येऊन बघितलाय. म्हणूनच त्यांनी दुसरा मागितलाय.’’

‘‘आनि पडला तर?’’

‘‘पडला तर माझा. पण माझं नाव पडदा उघडायच्या आधी घ्यायचं. टाळ्यांची वाट बघायची नाही.’’

‘‘आदी?’’ अध्यक्ष मला म्हणाले, जणू मी मध्यस्थी करणार होते.

‘‘कुणी लिहिलं ते जिल्ह्याला ठाऊक झालंय,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुम्हीच सांगितलंत.’’

अध्यक्षांनी चहा संपवला, बशी उगाच पुसली आणि हो म्हणाले.

तासगावला आम्ही ट्रकमधून गेलो, पुसेसावळी, विटा करत. पडद्यांच्या गुंडाळ्यांवर सगळे बसलेले. सुभेदारांना कुणी बोलावलं नव्हतं. ते निघायच्या वेळी ट्रकपाशी उभे होते, टोपी घालून. ‘‘वझं उचलाया लागंल की कुनीतरी,’’ म्हणाले. मी यादी आवरली आणि आत्याकडे पाहिलं. तिनं त्यांना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं.

खेळ दुपारचा होता, टुरिंग टॉकीजच्या तंबूत, संध्याकाळच्या सिनेमाच्या आधी. तंबूत उकडत होतं. बापाचं काम करणाऱ्याला ट्रक लागला होता. आत्या मात्र एका जागी थांबत नव्हती. पडद्याच्या फटीतून पुढची रांग बघायची, मागं यायची, परत जायची. पुढच्या रांगेत पुन्हा पेन्शनरच. रुंद खांदे, ताठ माना. त्यांच्या मधोमध आमचे सुभेदार.

अध्यक्षांनी माइकवर फुंकर मारली. मंडळाचं नाव घेतलं. तासगावकरांचे आभार मानले. थोडं थांबले. मग म्हणाले, ‘‘या नाटकाच्या लेखिका,’’ आणि तिचं नाव घेतलं. आडनाव जरा घाईत घेतलं, पण घेतलं.

आत्या विंगेत माझ्या शेजारी होती. हातात माझ्या यादीतला टॉर्च.  तिनं तो लावला, बंद केला, परत लावला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला; सेल संपले असते.

पहिल्या अंकात कंपाउंडरनं उघड्या डोक्यानं सॅल्यूट ठोकला. पुढच्या रांगेतून एक दणकट माणूस लगेच उठला. ‘‘ए, टोपी कुटं हाय रं?’’

आमच्या सुभेदारांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. ‘‘बस खाली गड्या! थांब जरा. पुढं हाय त्ये!’’

हे त्यांनी परेडला हुकूम द्यावा तशा आवाजात सांगितलं. तंबूतल्या शेवटच्या माणसालाही कळलं की पुढं काहीतरी हाय, आणि ते टोपीबद्दल हाय. त्यानंतर कुणी नाटक बघत नव्हतं. सगळे कंपाउंडरचं डोकं बघत होते. तिसऱ्या अंकात भावानं पुरावा मागितला. मी तोंड उघडायच्या आधीच सबंध तंबू ओरडला, ‘‘डोस्कं! डोस्कं उघडं हुतं!’’

मी वाक्य म्हटलं, सावकाश, परीक्षणात सांगितल्याप्रमाणे. त्यांना ते ऐकायची गरज नव्हती. टाळ्या वाजतच होत्या. कंपाउंडरनं गुडघे टेकले तेव्हा सुभेदार शेजारच्याला म्हणत होते, ‘‘सांगितलं न्हवतं व्हय तुला?’’

पडदा पडल्यावर आत्याला मी शोधलं. मला वाटलं ती रडत असेल. ती पेटीवर बसून वहीत पेन्सिलीनं खाडाखोड करत होती.

‘‘आधीच ओरडले गं सगळे,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या अंकात ते इतकं ठळक नको. त्याला आणखी कशात तरी लपवायला हवं.’’

‘‘टाळ्या ऐकल्यास का?’’

‘‘ऐकल्या.’’ पेन्सिल थांबली. ‘‘माइकवरचं मागच्यांना ऐकू गेलं असेल ना? आडनाव?’’

मी म्हटलं, गेलं. मी मागं उभी नव्हते, पण माइक चांगला होता.

साताऱ्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर तासगावला आला नव्हता. त्या नाटकाबद्दल छापून आलं ते तेवढंच, खताच्या जाहिरातीखालचं. पुढे आत्याच्या खोलीत टेबलाच्या काचेखाली ते कितीतरी वर्षं होतं. कुणी आलं की ती स्वतः ते वाचून दाखवायची आणि उलगड्याच्या वाक्याशी, जणू आजच छापून आलंय अशी भांडायची. नावापाशी आली की आवाज खाली यायचा आणि ती तेवढं संथ वाचायची.

परतीच्या वाटेवर उजेड असतानाच विटा मागं पडलं. सुभेदार ड्रायव्हरशेजारून मागं वळून ओरडले, ‘‘बाई, आपल्या हितं परत एकदा करा की हो!’’

‘‘करते,’’ आत्या म्हणाली. ‘‘पण तुम्ही?’’

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली आणि खिशात सारली. ‘‘मी हिला घरी ठिवून यीन.’’